चित्रांकित लोककथा आणि बालकांचे चारित्र्यशिक्षण : जालना परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

लहान मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून त्यांना गोष्टी सांगाव्यात, हा विचार आपल्याकडे इतका रूढ आहे की त्याची वेगळी चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. पंचतंत्राची रचनाच मुळी तीन राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याच्या विष्णुशर्म्याच्या प्रतिज्ञेवर उभी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही पंचतंत्र, जातक व हितोपदेश यांतील मूळ कथा विद्यार्थ्यांना वाचावयास मिळाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. त्यामुळे येत्या काळात शाळांमधून सचित्र कथापुस्तकांचा वापर वाढत जाईल, असे दिसते. ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि गोष्ट वाचून दाखविली, शेवटी तात्पर्य सांगितले, मुलांनी ते एका सुरात म्हटले, एवढ्याने चारित्र्य घडते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जालना व लगतच्या प्रदेशातील कथा-चित्र परंपरेच्या आधारे करावयाचा आहे.

लेखाची उद्दिष्टे

1. चित्र आणि लोककथा यांच्या एकत्रित सादरीकरणाची या परिसरातील व महाराष्ट्रातील परंपरा समजून घेणे.
2. कथेतून मूल नैतिक आशय कसा ग्रहण करते, याविषयीच्या आधुनिक अभ्यासांचा परिचय करून देणे.
3. एका मराठी कहाणीच्या आधारे चित्राची भूमिका स्पष्ट करणे.
4. अध्यापनासाठी काही व्यवहार्य सूचना मांडणे.

'चारित्र्य' या संकल्पनेविषयी

विषयाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा आवश्यक वाटतो. मराठी व्यवहारात 'चारित्र्य' हा शब्द पुष्कळदा संकुचित अर्थाने, आणि तोही बहुधा स्त्रियांच्या संदर्भात, वापरला जातो. शाळेत तो 'शिस्त' किंवा 'आज्ञाधारकपणा' यांचा पर्याय होऊन बसतो. येथे अभिप्रेत असलेला अर्थ निराळा आहे. कोणी पाहत नसताना, किंवा सर्वजण दुसऱ्या बाजूला असताना, योग्य काय ते ओळखून तसे वागण्याची स्थिर वृत्ती म्हणजे चारित्र्य. बौद्ध परंपरेतील 'शील' ही संज्ञा या अर्थाच्या अधिक जवळची आहे.

महाराष्ट्रातील शाळांमध्ये मूल्यशिक्षणासाठी वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती आणि राष्ट्रीय एकात्मता अशी दहा मूल्ये निश्चित करण्यात आली होती. ही यादी उत्तमच आहे. परंतु यादीतील मूल्ये एकमेकांशी भांडत नाहीत. जीवनात मात्र ती भांडतात. मित्राशी निष्ठा राखावी की खरे सांगावे, मोठ्यांची आज्ञा पाळावी की दुबळ्याची बाजू घ्यावी, असे पेच मुलांसमोरही येतात. असे पेच उभे करण्याचे सामर्थ्य यादीत नसून कथेत आहे. मूल्यशिक्षणात लोककथेचे स्थान या कारणाने महत्त्वाचे ठरते.

परंपरेचा आढावा

*अजिंठ्यातील जातके :* जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा मोठा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि सांस्कृतिकदृष्ट्या तो आजही अजिंठा-पैठण या पट्ट्याशी जोडलेला आहे. जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथून अजिंठ्याची लेणी फार दूर नाहीत. या लेण्यांतील भित्तिचित्रे आपण कलेचा वारसा म्हणून पाहतो. परंतु ती चित्रांकित कथांच्या द्वारे शीलाचे शिक्षण देण्याचा भारतातील एक अतिप्राचीन उपक्रमही आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पाली परंपरेत 547 जातककथा संकलित आहेत आणि त्यांतील अनेक कथा बुद्धपूर्व लोककथांवर आधारलेल्या आहेत, असे अभ्यासक मानतात.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात साम आणि छद्दन्त या जातकांची चित्रे इसवी सनापूर्वीची आहेत. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, सतराव्या लेण्यात तर जातकांचे भांडारच आहे. महाकपी जातकात वानरांचा राजा स्वतःच्या देहाचा पूल करून आपल्या कळपाला पलीकडे पोहोचवितो. मातृपोषक जातकात राजाने पकडून आणलेला हत्ती चाऱ्याला तोंड लावीत नाही, कारण अरण्यात त्याची आंधळी आई उपाशी असते. हे कळताच राजा त्याला मुक्त करतो.

या चित्रांचे एक वैशिष्ट्य अध्यापनाच्या दृष्टीने मोलाचे आहे. तेथील प्रसंगांची मांडणी अनेकदा काळाच्या क्रमाने नसून स्थळानुसार आहे. राजवाड्यात घडलेले आधीचे व नंतरचे प्रसंग एके ठिकाणी, तर अरण्यातील प्रसंग दुसऱ्या ठिकाणी रंगविलेले असतात. त्यामुळे पाहणाऱ्याला नजर मागेपुढे न्यावी लागते, 'हा तोच हत्ती काय?' असे विचारावे लागते आणि कोणीतरी कथा सांगावी लागते. म्हणजेच हे चित्र उत्तर देऊन मोकळे होत नाही. ते प्रेक्षकाला कामाला लावते.

*चित्रकथी :* बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात ही परंपरा 'चित्रकथी' या नावाने टिकून राहिली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने ती जतन केली असून सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. या परंपरेतील कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. याच प्रकारची चित्रे पैठण परिसरात आढळल्यामुळे ती 'पैठण शैली' या नावानेही ओळखली जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचे नमुने आहेत.

चित्रकथीचे साधन अगदी साधे. सुट्या कागदांवर रंगविलेल्या चित्रांची एक पोथी असते. एकेक चित्र समोर धरून कथेकरी वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान सांगतो. यातील सुटेपणा लक्षणीय आहे. कागद सुटा असल्याने कथेकरी एखाद्या चित्रावर हवा तितका वेळ थांबू शकतो, श्रोत्यांकडे पाहू शकतो, स्थानिक संदर्भ जोडू शकतो. आजच्या शिक्षकाला नेमके हेच स्वातंत्र्य हवे आहे.

*कहाण्या व 'चांदोबा' :* मराठी घरांत श्रावणातल्या कहाण्या स्त्रियांनी तोंडी जपल्या. त्यांतील अनेक कहाण्या सी. ए. किंकेड यांनी इंग्रजीत आणल्या आणि 1914 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकासाठी चित्रे काढली ती चित्रकार म. वि. धुरंधर यांनी. मराठी कहाणी आणि मराठी चित्रकार यांची ही भेट इंग्रजी पुस्तकात व्हावी, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. पुढे 1952 मध्ये सुरू झालेल्या 'चांदोबा' मासिकाने सचित्र लोककथा मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचविल्या. विक्रमाच्या खांद्यावरील वेताळाचे शंकर यांनी काढलेले चित्र एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात आहे. वेताळकथेची रचना येथे ध्यानात घ्यावी. तिचा शेवट तात्पर्याने होत नाही. तो प्रश्नाने होतो. दोषी कोण, श्रेष्ठ कोण, हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प राहणे हा तेथे अपराध मानला आहे. चारित्र्यशिक्षणाची याहून चांगली देशी पद्धती शोधूनही सापडणे कठीण.

मूल कथेतून काय घेते? : आधुनिक अभ्यासांचे साक्ष्य

परंपरेविषयीचा आदर बाळगूनही, कथेचा मुलांवर प्रत्यक्ष परिणाम काय होतो हे तपासून पाहणे आवश्यक आहे. या संदर्भात तीन अभ्यास उद्बोधक आहेत.

पहिला अभ्यास डार्सिया नार्वेझ व त्यांच्या सहकाऱ्यांचा, 1999 मधील. त्यात तिसरी व पाचवीतील विद्यार्थ्यांची प्रौढांशी तुलना करण्यात आली. लहान मुलांना कथेतील घटना समजतात. परंतु लेखकाला अभिप्रेत असलेले नैतिक सूत्र त्यांच्या हाती लागेलच असे नाही, हे त्यातून दिसून आले. वयानुसार ही क्षमता वाढत जाते. याचा अर्थ असा की 'गोष्ट स्वतःच बोलते' हा आपला समज प्राथमिक वर्गांपुरता तरी भाबडा आहे.

दुसरा अभ्यास कांग ली व सहकाऱ्यांचा, 2014 मधील. तीन ते सात वर्षे वयाच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून नंतर ती स्वतःची चूक कबूल करतात काय, हे पाहण्यात आले. 'लांडगा आला रे आला' ही आपल्याकडेही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट, तसेच खोटे बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट, यांनी मुलांचे खरे बोलणे वाढले नाही. वॉशिंग्टनने चेरीचे झाड तोडल्याची कबुली दिली आणि वडिलांनी त्याचे कौतुक केले, या गोष्टीने मात्र ते वाढले. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोट्याचे दुष्परिणाम दाखविले असता तो परिणाम नाहीसा झाला. शिक्षेची भीती दाखविणारी गोष्ट मुलाला फार तर सावध करते. खरे बोलण्याचे बळ त्याला चांगल्या वागण्याचे चांगले रूप पाहून मिळते.

तिसरा अभ्यास थेट चित्रांशी संबंधित आहे. लार्सन, ली आणि गानीआ यांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याविषयीची एकच सचित्र गोष्ट दोन रूपांत वाचून दाखविण्यात आली. एकीत पात्रे माणसे होती, दुसरीत माणसांसारखे कपडे घातलेले प्राणी. माणसांची चित्रे असलेली गोष्ट ऐकल्यावर मुलांनी आपल्याजवळचे स्टिकर इतरांना अधिक दिले. प्राण्यांच्या गोष्टीने तशी वाढ झाली नाही.

या शेवटच्या निष्कर्षावरून पंचतंत्र-जातकांतील प्राणिकथा निरुपयोगी ठरवणे मात्र घाईचे होईल. तो अभ्यास एका गोष्टीचा, एका वाचनाचा आणि परदेशातील शहरी मुलांचा आहे. बैल, शेळी, माकड यांच्या सहवासात वाढणाऱ्या आपल्या मुलांचे प्राण्यांशी नाते निराळे असू शकते. तरीही त्यातून एक इशारा घ्यावा : प्राण्याच्या चित्रापासून मुलाच्या स्वतःच्या अंगणापर्यंतचा पूल शिक्षकाने बांधावा लागतो. तो आपोआप बांधला जात नाही.

एक उदाहरण : खुलभर दुधाची कहाणी

आता एका कहाणीच्या आधारे चित्राची भूमिका पाहू. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सर्वपरिचित आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचा, असे राजाच्या मनात येते. दवंडी पिटली जाते. धाकापोटी सर्वजण घरातले सगळे दूध देवळात नेतात. वासरांना आणि लेकरांना थेंबही उरत नाही. तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरातील कामे उरकलेली असतात, मुलाबाळांना खाऊ घातलेले असते, वासरांना पाजलेले असते. उरलेले खुलभर दूध ती वाहते आणि गाभारा भरून जातो. हे पुढच्या सोमवारीही घडते. अखेर राजा पाळत ठेवतो आणि तिचा हात धरतो. अभय मिळाल्यावर ती सांगते, की तुझ्या आज्ञेने वासरांचे, मुलांचे आत्मे तळमळले. ते देवाला कसे आवडावे? मग राजा आज्ञा बदलतो.

आमच्या जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत ही कहाणी चित्रांसह सांगितली जात असताना प्रस्तुत लेखक उपस्थित होता. पुस्तकातील मोठे, पानभर चित्र दुधाने भरलेल्या, प्रकाशाने उजळलेल्या गाभाऱ्याचे होते. गोष्ट संपल्यावर फळ्यावर तात्पर्य लिहिले गेले : 'देवाला भक्तिभावाने अर्पण करावे.' मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, "सर, मंग राजानं वासराला काय दिलं?" वर्गात हशा पिकला आणि तास संपला. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, केवळ एक अनुभव आहे. परंतु कहाणीचा गाभा त्या मुलीच्या हाती लागला होता आणि फळ्यावरून तो निसटला होता, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

असे का झाले? कारण चित्रकाराने चमत्काराचा क्षण निवडला होता. कथेला अनेक क्षण असतात. चित्र मात्र त्यांतील एखादाच क्षण थांबवून ठेवते आणि मुलाच्या दृष्टीने तोच क्षण म्हणजे गोष्ट होऊन बसते. उजळलेल्या गाभाऱ्याऐवजी पानभर चित्र म्हातारी वासराला पाजत असल्याचे असते, तर तीच कथा करुणेची झाली असती. राजाचा हात मनगटावर असताना त्याच्या डोळ्यांत पाहून बोलणाऱ्या म्हातारीचे असते, तर ती सत्तेपुढे खरे बोलण्याची कथा झाली असती. शब्द तेच, चित्राची निवड बदलली की मूल्य बदलते. म्हणून सचित्र पुस्तक निवडताना 'चित्रे सुंदर आहेत काय' या प्रश्नाआधी 'कोणता क्षण चितारला आहे' हा प्रश्न विचारावयास हवा.

या कहाणीचा आपल्या परिसराशी असलेला संबंधही उघड आहे. ज्या घरांत सकाळचे दूध आधी संकलन केंद्रावर जाते आणि मग घरातल्या लेकरांचा विचार होतो, तेथील मुलांना तिचा पेच समजावून सांगावा लागत नाही. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. काही मुले मागे आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. घर सांभाळून, लेकरांना जेवू घालून मग देवाकडे वळणारी म्हातारी ही त्यांच्यासाठी आटपाट नगरातली नव्हे, रोज दिसणारी व्यक्ती आहे.

चित्रांच्या मर्यादा व धोके

चित्राचे सामर्थ्य मान्य करताना त्याचे धोकेही नोंदविणे प्राप्त आहे. लोकप्रिय सचित्र पुस्तकांतून सज्जन गोरे व देखणे, तर दुष्ट काळे, स्थूल किंवा व्यंग असलेले दाखविण्याचा प्रघात पडला आहे. शब्दांत नसलेला हा भेद चित्र शिकविते, आणि चित्राचे म्हणणे मूल तपासून घेत नाही. सावळ्या मुलांनी भरलेल्या वर्गात असे पुस्तक कोणते 'चारित्र्य' शिकवीत असेल, याचा विचार शिक्षकांनी करावा. सावत्र आई नेहमीच क्रूर, सोशिक सूनच तेवढी चांगली, ही चित्रेही याच जातीची आहेत.

दुसरी मर्यादा लोककथेचीच आहे. प्रत्येक लोककथा नीतिकथा नसते. 'चल रे भोपळ्या' या गोष्टीतील म्हातारी वाघाला सरळसरळ फसविते. चिमणी दाराशी भिजत उभ्या असलेल्या कावळ्याला ताटकळत ठेवते. या गोष्टींतून ओढून-ताणून तात्पर्य काढण्यापेक्षा त्यांतील गंमत मुलांना घेऊ द्यावी, किंवा 'चिमणीने बरोबर केले का?' असे मोकळेपणाने विचारावे. गोष्टीचा पहिला धर्म आनंद देणे हा आहे. गिजुभाई बधेका यांनी 1930 च्या दशकात 'दिवास्वप्न' या पुस्तकात हेच सुचविले होते, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाड येथे ते बालशिक्षणात रुजविले.

अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

1. आधी चित्र, मग कथा. चित्र पाहून काय घडत असावे, हे मुलांना सांगू द्यावे.
2. चित्रकथीप्रमाणे सुटी चित्रे वापरावीत, म्हणजे क्रम बदलता येतो व थांबता येते. ती विकत घेण्याची गरज नाही. मुलांनी काढलेली चित्रेही पुरतात.
3. पात्राच्या निर्णयाच्या क्षणापूर्वी कथा थांबवावी आणि 'तू काय केले असतेस?' असे विचारावे.
4. शेवटी तात्पर्य न लिहिता वेताळाप्रमाणे प्रश्न ठेवावा. भिन्न उत्तरांना जागा असावी.
5. पुस्तकात नसलेला एखादा क्षण मुलांना रंगवावयास सांगावे. मूल कोणता क्षण निवडते, यावरून त्याला कथेतून काय मिळाले ते शिक्षकाला कळते.
6. कथा परिसराच्या बोलीत सांगण्यास संकोच करू नये. शक्य तेथे गावातील आजींना शाळेत बोलवावे.
7. भीतीवर आधारलेल्या कथांपेक्षा चांगुलपणाचे प्रत्यक्ष रूप दाखविणाऱ्या कथांना प्राधान्य द्यावे.

पुस्तकांची उपलब्धता ही पूर्वीइतकी मोठी अडचण राहिलेली नाही. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या व्यासपीठावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र पुस्तके विनामूल्य मिळतात. महाविद्यालयीन स्तरावर मराठी व शिक्षणशास्त्र विभागांना आपल्या विद्यार्थ्यांकडून परिसरातील कथा संकलित करून, त्या चित्रित करून नजीकच्या शाळांना देता येतील. लोकसाहित्याचा अभ्यास केवळ संकलन व वर्गीकरण यांपुरता न राहता समाजाकडे परत जाण्याचा हा एक मार्ग आहे.

निष्कर्ष

1. चित्रांच्या साहाय्याने कथा सांगून शीलाचे शिक्षण देण्याची परंपरा या परिसराला दोन हजार वर्षांपासून परिचित आहे.
2. या परंपरेत चित्र अपुरे असते आणि निवेदक व श्रोता मिळून ते पूर्ण करतात. आधुनिक वर्गात मात्र ते तात्पर्याचे सजावटी साधन झाले आहे.
3. लहान मुले कथेतील नैतिक सूत्र आपोआप ग्रहण करतात, या समजाला अभ्यासांचा आधार मिळत नाही. संवाद अपरिहार्य आहे.
4. चित्रकाराने निवडलेला क्षण कथेचे मूल्य ठरवितो. म्हणून पुस्तकाची निवड ही एक नैतिक कृती आहे.

समारोप

लोककथा एकटी चारित्र्य घडवू शकत नाही. मूल गोष्टीपेक्षा गोष्ट सांगणाऱ्याकडे अधिक बारकाईने पाहत असते. खुलभर दुधाची कहाणी सांगणाऱ्या शाळेत दुपारच्या जेवणाच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मुलाच्या ताटात काय पडते, हेही मुलांना दिसतेच. मात्र चांगल्या वागण्याचे चित्र मनात आधीच असेल, तर प्रसंग आल्यावर ते आठवण्याची शक्यता असते. ते चित्र निवडण्याचे काम प्राथमिक शिक्षकाचे आहे आणि त्या शिक्षकाला घडविण्याचे काम आपले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिला त्या दिवशी वर्गात मिळाले नाही. वास्तविक ते कहाणीतच होते. राजाने आज्ञा बदलली, वासरे आधी प्याली आणि मगच गाभारा भरला.